सायकल नको, की सायकलवाला नको?

"विद्यापीठात सायकलनं? अहो, ते दिवस गेले."

हे वाक्य सुरतच्या पांडेसऱ्यात मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता बोलणाऱ्याचे ओठ हलायच्या आत ते मला कळतं. साखरपुड्याच्या मांडवात ऐकलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलं, पीयूष पॉइंटजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकलं. शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं तेव्हा त्याला इस्त्री केलेली होती: व्यवहार्यता, विद्यार्थ्यांचा मौल्यवान वेळ, बदलत्या आकांक्षा वगैरे. इस्त्री उतरवली की आत कापड तेच.

त्यांची बाजू आधी त्यांच्याच जोरानं मांडतो, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको. ते म्हणतात: सुरतचं ऊन कातडी सोलून काढतं आणि ते संपलं की पाऊस. पोरगं घामानं निथळत वर्गात जाणार, मग शिकणार काय? विद्यापीठाचं आवार प्रचंड, एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर सायकल मारता मारता तास बुडायचा. बाहेर ट्रक, टेम्पो, डंपर. त्यात मुलींना सायकलवर पाठवणार? पुण्यासारख्या एकेकाळच्या सायकलींच्या शहरात विद्यापीठानं भाड्याच्या सायकली आणून पाहिल्या, तिथंही चाललं नाही. आता इलेक्ट्रिक मोपेडचा जमाना आहे, तुम्ही बैलगाडीच्या गोष्टी करता. आणि एवढं सगळं मोठ्यानं बोलून झालं, की आवाज खाली येतो: "बाप जन्मभर मिलमध्ये सायकलवर गेला. पोरानंही सायकलच हाणायची, तर शिकवलं कशाला?"

या यादीत खरा मुद्दा एकच आहे, आणि तो हळू आवाजातला. बाकीचे सगळे त्याच्यापुढं उभे केलेले पहारेकरी आहेत. पण पहारेकऱ्यांना बाजूला सारल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात.

अंतराचं आधी, कारण ते गणित आहे आणि गणितावर वाद घालायचं कारण नाही. आपल्या पोरांचं विद्यापीठ म्हणजे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ. 1965 साली स्थापन झालेलं, उधना-मगदल्ला रस्त्यावर, साधारण दोनशे एकरांत पसरलेलं. दोनशे एकर म्हटलं की ऐकणारा दबकतो. पण दोनशे एकर म्हणजे चौरस किलोमीटरही पुरा नाही. ती जमीन चौकोनी धरली, तर एक बाजू नऊशे मीटरच्या आसपास येते, आणि या कोपऱ्यातून त्या समोरच्या कोपऱ्यात तिरकं गेलं तरी सव्वा किलोमीटर. पायी पंधरा मिनिटं. सायकलवर, अगदी गप्पा मारत चालवली तरी, सहा-सात. आता मोपेड घ्या. पार्किंगमध्ये जा, दुसऱ्याची गाडी सरकवून आपली काढा, हेल्मेट घाला, निघा, पुन्हा पार्किंग शोधा, तिथून चालत विभागापर्यंत या. सव्वा किलोमीटरसाठी तेवढीच मिनिटं, वर पेट्रोल. "मौल्यवान वेळ" तो हाच का? बरं, रोज कुणी कोपरा ते कोपरा जात नाही. विभाग, ग्रंथालय, कँटीन, वसतिगृह, परीक्षेच्या दिवसांत कार्यालयाची खिडकी, एवढीच वारी. यातलं कुठलंही अंतर सायकलच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं म्हणणाऱ्यानं ते पायानं मोजून दाखवावं.

उन्हाचा मुद्दा मात्र मला चीड आणतो. पांडेसऱ्यात राहून उन्हाची गोष्ट कुणाला सांगता? इथल्या जीआयडीसीतल्या डाईंग मिलमध्ये पॉलिस्टर रंगवायचं तर जेट मशीनमध्ये पाणी 130 अंशांपर्यंत चढवतात. स्टेंटरवर कापड 180-200 अंशांच्या गरम हवेतून काढतात. त्या मशीनच्या तोंडाशी बारा-बारा तासांच्या पाळीत आपली माणसं उभी असतात: धुळ्याची, जळगावची, नंदुरबारची, ओडिशाची, उत्तर प्रदेश-बिहारची. पाळी सुटली की तीच माणसं भर दुपारी सायकलवर टांग टाकून खोलीवर येतात. त्यांना ऊन लागतं का, असा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही मीटिंगमध्ये निघाल्याचं मला माहीत नाही. बापाच्या पाठीवरचं ऊन कुणाला दिसलं नाही. पोरगा विद्यापीठात गेला आणि त्या उन्हाचा एकदम शोध लागला! कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या गावात उन्हाळ्यात पारा कित्येकदा चाळिशीला टेकतो. तिथल्या विद्यापीठानं 1960 च्या दशकात आवाराचा मधला भाग मोटारींना बंद केला, 1967 साली गावानं रस्त्यावर सायकलींच्या वेगळ्या पट्ट्या आखल्या, आणि आज ते गाव सायकलींसाठीच ओळखलं जातं. ऊन तिथंही तेच आहे. त्यांनी झाडं लावली, सावलीतून रस्ते नेले. आपण सावलीत मोटारी लावतो आणि पोरांना उन्हातून चालवतो, मग म्हणतो हवामानच वाईट.

पावसावर दोन ओळी पुरेत. मोपेडवालाही पावसात भिजतो. रेनकोट दोघांनाही लागतो. छपराची गाडी आहे ती मोटार, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं मोटार आणावी असं म्हणायचं असेल तर सरळ तसं म्हणा.

आता पुण्याचा दाखला, जो माझ्यासमोर नेहमी हुकमाच्या पानासारखा टाकला जातो. डिसेंबर 2017 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 411 एकरांच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. झूमकार कंपनीची 'पेडल' नावाची योजना होती: मोबाईलवरून कुलूप उघडा, अर्ध्या तासाचा रुपया-दोन रुपये द्या, हवी तिथं सोडा. पाठोपाठ पुण्यात चिनी ओफोच्या पिवळ्या सायकली आल्या. पुढं या कंपन्यांचा उत्साह ओसरला. ओफोनं तर 2018 संपायच्या आत भारतातून गाशा गुंडाळला. मग काय, "बघा, सायकल चालत नाही!" हे म्हणणाऱ्यांनी ओफोची पुढची गोष्ट मुद्दाम विसरलेली असते. ती कंपनी चीनमध्येही कोसळली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीजिंगला लोक आपली अनामत परत मागायला तिच्या दारात रांगा लावून उभे होते. आणि चीनमध्ये सायकल चालत नाही, असं म्हणायची छाती कुणाची आहे? गुंतवणूकदारांच्या पैशावर रातोरात हजारो सायकली रस्त्यावर ओतायच्या, देखभालीला माणूस ठेवायचा नाही, आणि पैसे आटले की निघून जायचं, हा धंदा बुडाला. किंगफिशर बुडाली, जेट बुडाली, म्हणून विमानं उडत नाहीत असा निष्कर्ष कुणी काढला का? तो न्याय फक्त सायकलला लागू आहे.

शिवाय भाड्याच्या सायकलवाचून अडलंय कुणाचं? खरगपूरच्या आयआयटीत जा, कानपूरच्या आयआयटीत जा. तिथं पोरांची रोजची गाडी सायकलच आहे, आणि ती त्यांची स्वतःची आहे. आल्या वर्षी गावातून किंवा शिकून निघालेल्या मुलाकडून घेतात, जाताना पुढच्याला विकतात. ना ॲप, ना अनामत. त्या संस्थांतून निघालेली पोरं पुढं जगभरातल्या मोठ्या कंपन्यांत बसली. सायकल मारल्यानं त्यांची आकांक्षा कुठं खचलेली दिसली नाही. केंब्रिजमध्ये तर पदवीच्या विद्यार्थ्याला मोटार बाळगायची झाली तर विद्यापीठाची परवानगी काढावी लागते, सायकल बाळगायला लागत नाही. आपल्याकडं उलटं आहे. मोटारीला फाटकावर सलाम मिळतो आणि सायकलवाल्याला विचारलं जातं, "कुठं चाललास?"

सुरक्षिततेबद्दल बोलताना मी एक गोष्ट मान्य करतो, आणि या लेखात एवढीच मान्य करतो: पांडेसरा ते विद्यापीठ हा रस्ता सायकलसाठी चांगला नाही. बमरोलीवरून, अलथाणवरून उधना-मगदल्ला रस्त्याला लागायचं. सकाळी ग्रे कापडाचे ताके भरलेले टेम्पो, बॉयलरच्या कोळशाचे ट्रक, मेट्रोच्या कामासाठी उभे केलेले पत्रे, आणि उरलेल्या जागेत सगळं शहर. भीती खरी आहे. पण भीती कशाची आहे, ते नीट बघा. सायकल कुणाला चिरडत नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकी मोटारींवरची होती, साधारण 20 टक्के पायी चालणारी, आणि सायकलवरची तीन टक्क्यांच्या आसपास. कुणी म्हणेल, सायकली कमी म्हणून मरणारे कमी. असेल. पण मग पोराच्या काळजीनं सायकल काढून घेऊन त्याला नेमकं त्या 44 टक्क्यांच्या घोळक्यात का ढकलता? अठराव्या वाढदिवसाला मोपेडची किल्ली हातात देताना या काळजीला झोप लागते का? ज्या रस्त्यावर सायकल धोक्याची, त्या रस्त्यावर चालणंही धोक्याचं आणि मोपेडही धोक्याची. दोष रस्त्याचा आहे आणि शिक्षा सायकलला.

तो रस्ता सुधारायचा कुणी, तर महापालिकेनं. ती करू शकत नाही असं नाही. उधना-सचिन रस्त्यावर 2014 पासून बीआरटीएसच्या बसला मधोमध स्वतंत्र मार्गिका आहे; बससाठी रस्त्यातून जागा कापून देता येते, तर हातभर रुंदीच्या सायकलला का देता येत नाही? आणि गंमत अशी, की सायकलला जागा मिळते ती उद्यानात. अलथाणला खाडीकाठी जैवविविधता उद्यान झालं, तिथं सायकल ट्रॅक आहे. रविवारी सकाळी तिथं चाळीस हजारांची सायकल घेऊन, ती मोटारीच्या मागं बांधून आणून, काळा चष्मा लावून फेऱ्या मारणारा माणूस आरोग्याविषयी जागरूक नागरिक ठरतो. त्याच सकाळी त्याच बाजूच्या रस्त्यावरून सात हजारांच्या सायकलवर रात्रपाळी उरकून परतणारा माणूस वाहतुकीला अडथळा ठरतो. दोघं मारतात ते पॅडलच. फरक चष्म्याचा आहे.

पण रस्त्याचं गाऱ्हाणं विद्यापीठाच्या फाटकापाशी संपतं, हे सायकलविरोधक कधी लक्षातच घेत नाहीत. आवाराच्या आत ट्रक नाहीत. कोळसा नाही. महापालिका नाही, महामार्ग नाही, सिग्नल नाही. आतला रस्ता कुणाचा, तर संस्थेचा. त्यावर कोण किती वेगानं जाईल, कुठं थांबेल, कुठं मुळीच येणार नाही, हे एका परिपत्रकानं ठरतं. देशात इतकी मोकळीक क्वचितच कुठल्या रस्त्याला असते. तरीही आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत आत शिरलं की बाहेरचाच देखावा लहान आकारात दिसतो: विभागांच्या पायऱ्यांपर्यंत मोटारी, झाडाखाली मोटारी, वळणावर हॉर्न. हे कुणी लादलं? सुरतच्या उन्हानं? आवारात सायकल चालत नाही म्हणणाऱ्यांनी ती चालू दिली होती कधी, हे आधी सांगावं.

मुलींचा मुद्दा तर उलटा त्यांच्याच अंगावर येतो. बिहारनं 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुला-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. बिहारच्या रस्त्यांवर! गुजरात सरकारही 'सरस्वती साधना' योजनेत नववीतल्या पात्र मुलींना सायकल देतं. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी सरकार जिला सायकल देऊन शाळेत पाठवतं, ती विसाव्या वर्षी विद्यापीठात पोचली की सायकल तिच्यासाठी असुरक्षित होते. मधल्या पाच वर्षांत तिचं काय कमी झालं? पांडेसऱ्यातल्या किती घरांत गाडी एकच असते आणि ती भावाची असते, हे मी सांगायला हवं का? बहिणीला म्हणतात, "भाऊ सोडेल." भाऊ कधी सोडतो, कधी नाही सोडत. रिक्षाला रोजचे पैसे लागतात, आणि ते घरात बसून साड्यांना लेस-स्टोन लावणाऱ्या आईच्या मजुरीतून जातात. ज्या मुलीकडं स्वतःची सायकल आहे, तिला कुणाची वाट बघावी लागत नाही. मला तर वाटतं, काहींना नेमकं तेच खुपतं.

इलेक्ट्रिक मोपेडचा जयघोष करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्याला परवडते त्यानं घ्यावी. पण सव्वा किलोमीटरच्या आवारात फिरायला पाऊण-एक लाखाचं वाहन म्हणजे प्रगती, हे मला पटत नाही. साधी सायकल आजही सात-आठ हजारांत येते. सप्टेंबर 2025 पासून तिच्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. मोपेड येते हप्त्यांनी, आणि आपल्याकडं ते हप्ते पोरगं फेडत नाही. बाप जादा पाळी करून फेडतो. विद्यापीठाची फी भरताना ज्या घरात पितळी डबे वाजतात, त्याच घरात "गाडीशिवाय कॉलेजला कसं जाणार?" या एका वाक्यावर कर्ज निघतं. आणि त्या वाक्याला आधुनिकता म्हणायचं!

इथं आपण त्या हळू आवाजातल्या मुद्द्याशी आलो.

बाप सायकलवर मिलमध्ये गेला, म्हणून पोरानं सायकलवर विद्यापीठात जायचं नाही. हे बोलणाऱ्याच्या मनातली दुखरी जागा मला कळते. उधन्याला ताप्ती लाइनच्या गाडीतून एक पत्र्याची पेटी घेऊन उतरलेली पिढी आपलीच. खोलीत आठ-आठ जण, अंथरूण पाळीपाळीनं, आणि दाराबाहेर साखळीनं बांधलेली सायकल. त्या दिवसांपासून पोरांना लांब न्यायचं, याच जिद्दीवर पांडेसरा, लिंबायत, डिंडोली उभी राहिली. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेलं पोर एम.एस्सी.ला जातं तेव्हा अख्ख्या गल्लीची मान वर होते. व्हायलाच हवी.

पण लांब नेमकं कशापासून जायचं होतं? बारा तासांच्या पाळीपासून, स्टेंटरच्या धगीपासून, मुकादमाच्या शिवीपासून, आठ जणांच्या खोलीपासून. यातल्या एकाही गोष्टीशी सायकलचा संबंध नाही. त्या आयुष्यात बापाच्या मालकीची आणि त्याच्या मर्जीनं चालणारी एकच वस्तू होती, ती सायकल. मिलवाल्यानं पाळी ठरवली, घरमालकानं भाडं ठरवलं. सायकल कुठं वळवायची ते मात्र बापानं ठरवलं. नेमकी तीच वस्तू आपण लाजेची म्हणून निवडली. पाळी बारा तासांची राहिली तर चालेल, पोराच्या बुडाखाली पॅडल नको!

आणि ही लाज शिकवतं कोण? विद्यापीठाच्या वाटेवर पोराला सायकलवर बघून शेजारचे नाना हाक मारतात, "का रे भो, तुनी गाडी कोठे शे?" नानांना वाटतं आपण चौकशी केली. पोर दुसऱ्या दिवशी सायकल घरी ठेवतं आणि शेअर रिक्षाच्या कडेला अर्धं लोंबकळत जातं. ते सुरक्षित, बरं का. सोयरिकीच्या बोलण्यात "मुलगा काय करतो"च्या पाठोपाठ "गाडी कोणती" येतं. मुलगा जीवरसायनशास्त्रात संशोधन करतो हे ऐकून माना डोलतात, आणि तो सायकलवर जातो हे कळलं की बैठकीत शांतता पसरते. अमर्त्य सेन यांची सायकल आज स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयात ठेवलेली आहे. तीच घेऊन ते बंगालच्या खेड्यांतून मजुरीचे जुने आकडे गोळा करत हिंडले होते. आपल्या बैठकीत त्यांचीही सोयरीक अडली असती.

2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती, 21 टक्के घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर, आणि पाच टक्क्यांहून कमी घरांत मोटार. तेव्हापासून गाड्या पुष्कळ वाढल्या, हे कुणीही सांगेल. पण ज्या देशात मोटारवाली घरं अशी मूठभर होती, त्या देशानं आपल्या विद्यापीठांचे रस्ते, पार्किंग, सावली, सगळं त्या मुठीसाठी आखलं, आणि जिच्या घरी नुसती सायकल आहे त्या मुलीला सांगितलं की तुझं वाहन या आवाराला शोभत नाही. हा वाहतुकीचा प्रश्न आहे असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. "आवारात सायकल चालत नाही" असं बोलणारा सायकलबद्दल बोलतच नसतो. ती चालवत जो आत येईल, त्याच्याबद्दल बोलत असतो. मिलमध्ये सायकल चालते, तिथं कुणाची हरकत नाही. विद्यापीठात चालत नाही. या दोन वाक्यांमध्ये जेवढी जागा उरते, तेवढ्या जागेत आपली सगळी उच्चनीचता मावते.

शेवटचा पहारेकरी राहिला: "आपले लोक बदलत नाहीत." हे सुरतेत बसून म्हणायचं? 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं लाखो माणसं हे शहर सोडून पळाली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हाही सगळे म्हणत होते की सुरतचा उकिरडा सुरतच्या लोकांच्या अंगातच आहे. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, साहेबलोकांना कार्यालयातून उठवून रोज रस्त्यावर उतरवलं, हॉटेलवाल्यांपासून बांधकामवाल्यांपर्यंत कुणाची गय केली नाही, आणि दीड-दोन वर्षांत शहर ओळखू येईना. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं देशात पहिली आली. माणसं तीच होती. घाण करणारीही तीच, स्वच्छतेचा अभिमान सांगणारीही तीच. ज्या शहरानं स्वतःचं नाव असं फिरवलं, त्याला दोनशे एकरांत सायकलसाठी जागा करणं जमणार नाही, हे मी का मानावं?

आणि विद्यापीठाला नाव कुणाचं आहे, तेही एकदा आठवून बघा. नर्मद याच सुरतेचा. 1864 साली 'दांडियो' काढून त्यानं शेठ-महाराजांपासून जातभाईंपर्यंत सगळ्यांना टोचलं, विधवाविवाहाचा नुसता प्रचार न करता स्वतः विधवेशी लग्न केलं, आणि त्यापायी जातीचा रोष ओढवून घेतला. (उतारवयात त्याची बरीच मतं फिरली, तो भाग वेगळा.) त्याच्या नावाच्या फाटकातून आत जाताना पोरांनी "लोक काय म्हणतील" म्हणून सायकल बाहेर ठेवायची?

यापुढं मला ऊन, पाऊस, पुणे आणि जमाना यांतलं काही ऐकायचं नाही. कुठल्याही विद्यापीठानं, आपल्याही, उद्यापासून करता येईल एवढंच करावं. मोटारी आणि मोटारसायकली फाटकाजवळ थांबतील, कुलगुरूंची असो की शिपायाची. अपंगांची, आजाऱ्यांची आणि सामानाची गाडी तेवढी आत येईल. तिथून पुढं पायी किंवा सायकलवर. प्रत्येक विभागाच्या दाराशी, झाडाखाली, जिथं आज साहेबांच्या मोटारी विसावतात तिथं, सायकलचा स्टँड. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात उभ्या राहतात. आवारात एक पंक्चरवाला आणि एक हवेचा पंप. ग्रंथालय रात्री सुटतं त्या वाटेवर दिवे. शिकून निघालेल्याची सायकल नव्यानं आलेल्याला स्वस्तात मिळेल अशी वसतिगृहात एक वही. यात कुठलीही चिनी कंपनी लागत नाही, करोडोंची निविदा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते होत नाही. फाटकावरच्या रखवालदाराला मात्र एक नवा हुकूम द्यावा लागेल: पांडेसऱ्याहून घामाघूम होऊन आलेल्या पोराची सायकल सरळ आत सोडायची, आणि "कुठं चाललात?" हा प्रश्न यापुढं मोटारीच्या काचेवर टकटक करून विचारायचा.